उत्तेजित झालं की चिकट पाणी येतं आणि नंतर गोट्या दुखतात, हे नॉर्मल आहे का? (वय २३, पुणे)

पेठेतला_परीक्षार्थी:

नमस्कार मंडळी. वय २३, मूळचा बार्शीकडचा, सध्या सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहून एमपीएससीचा अभ्यास चालू आहे. विषय अवघड आहे, घरी बोलायची सोय नाही आणि डॉक्टरसमोर तोंड उघडत नाही म्हणून इथे टाकतोय. कृपया कुणी चेष्टा करू नका, खरंच टेन्शनमध्ये आहे.

माझं एका मुलीशी आहे, ती पण २२ ची आहे, नोकरी करते, दोघांचं लग्न करायचं ठरलंय फक्त माझी पोस्ट निघायची वाट बघतोय. आमच्यात संबंध वगैरे काही झालेलं नाही. पण रविवारी झेड ब्रिजवर बसतो किंवा रात्री फोनवर जरा जवळचं बोलणं होतं तेव्हा ताठरता येते आणि थोड्या वेळाने चड्डीला ओला डाग पडतो. वीर्य नाही ते, मला फरक कळतो. एकदम पारदर्शक, बोटाला लावलं तर तार निघते असं चिकट पाणी. मला कळतही नाही कधी आलं ते, आणि थांबवायला गेलं तर थांबत नाही. आणि असं तासभर झालं की रूमवर परत येईपर्यंत खाली गोट्यांमध्ये जड झाल्यासारखं दुखायला लागतं, कधीकधी पोटाच्या खालच्या बाजूलाही ओढ लागते. झोपून उठलं की गेलेलं असतं.

रूममेटला सांगितलं तर तो म्हणाला अरे ही धातू जातेय तुझी, पुढे लग्नानंतर प्रॉब्लेम होणार. मग एकाचं नाव कळलं म्हणून त्यांच्याकडे गेलो, त्यांनी नाडी बघितली आणि काही तपासलं नाही, म्हणाले शरीर आतून पोकळ होतंय आणि साडेचार हजाराचं चूर्ण आणि तेल दिलं. घरून मेसचे पैसे येतात त्यातनं दिले. चूर्ण खातोय पण पाणी येणं काही थांबलेलं नाही. आता तर अभ्यासिकेत बसलं की डोक्यात तेच, आरशात बघितलं की वाटतं गाल बसलेत, थकवा जाणवतो, पाठ दुखते. आजकाल तर तिला भेटायचंच टाळतोय. ती विचारते काय झालं, मी काय सांगू.

हे नॉर्मल आहे की आजार आहे एवढं कुणीतरी नीट सांगा.


हिंजवडी_नाईटशिफ्ट:

भावा शंभर टक्के नॉर्मल. मलाही येतं, माझ्या फ्लॅटवरच्या सगळ्यांना येतं, फक्त कुणी बोलत नाही. झोप आता शांत. सविस्तर कुणीतरी डॉक्टर सांगतीलच.


युरो_रेसिडेंट:

मी युरोलॉजीत, म्हणजे लघवी आणि पुरुषांच्या जननेंद्रियांच्या आजारांच्या शाखेत, शिकतोय, त्यामुळे असे पेशंट जवळजवळ प्रत्येक ओपीडीत बघतो. मित्रा तुझ्यासारखी मुलं येतात, खुर्चीत बसतात, आणि पहिली पाच मिनिटं पोटात गॅस होतात म्हणून सांगतात, मग हळूच खरी गोष्ट बाहेर येते. तू निदान सरळ लिहिलंस, त्यामुळे मीही सरळ आणि जरा सविस्तर लिहितो.

ते पारदर्शक पाणी म्हणजे काय ते आधी बघू. मूत्राशयाच्या खाली प्रोस्टेट नावाची ग्रंथी असते, तिच्या खाली, लिंगाच्या मुळाशी आत दोन छोट्या ग्रंथी असतात, साधारण वाटाण्याएवढ्या. त्यांना काउपर ग्रंथी म्हणतात. मेंदूला उत्तेजना मिळाली की या ग्रंथी आपोआप पाझरायला लागतात. हे तुझ्या हातात नाही, तोंडात लाळ यावी तसंच आहे, ठरवून आणता येत नाही आणि ठरवून थांबवताही येत नाही. ज्या नळीतून लघवी येते त्याच नळीतून पुढे वीर्यही जातं. लघवीमुळे त्या नळीत आम्लता राहिलेली असते आणि शुक्राणूंना आम्लता सोसत नाही, म्हणून हा स्राव आधी येऊन नळी धुवून तयार करतो. शिवाय संबंधाच्या वेळी ओलावा राहतो त्याने घर्षण कमी होतं. म्हणजे जे काम व्हायला पाहिजे तेच होतंय. कुणाला दोन थेंब येतात, कुणाला चार-पाच मिली पर्यंत येतं, आणि दोन्ही ठीकच. जास्त येतं म्हणून तो माणूस कमजोर आणि कमी येतं म्हणून दमदार असं काही नसतं. उत्तेजना जितकी लांबते तितका स्राव जास्त, म्हणून तासभर फोनवर बोललं की डाग मोठा पडतो, एवढाच त्याचा अर्थ.

आता दुखण्याचं. ताठरता येते कशी, तर लिंगाच्या रक्तवाहिन्यांमधले स्नायू सैल पडतात, आत रक्त भरतं, आणि भरलेल्या रक्ताच्या दाबाने बाहेर नेणाऱ्या शिरा दबतात त्यामुळे रक्त आत टिकून राहतं. त्याच वेळी वृषणांकडेही, म्हणजे गोट्यांकडेही, रक्तपुरवठा वाढतो, ते थोडे फुगतात, वर ओढले जातात. वीर्यपतन झालं की सगळं लवकर ओसरतं. नाही झालं आणि उत्तेजना बराच वेळ तशीच राहिली तर तिथे साठलेलं रक्त उतरायला वेळ लागतो, तेव्हा ते जडपण, ओढ, मंद दुखणं. यात कसलीही इजा होत नसते. तासा-दोन तासात आपोआप जातं. थोडं चाललास, लक्ष दुसरीकडे गेलं, गार पाण्याने आंघोळ केलीस किंवा स्वतः हस्तमैथुन केलंस तरी लवकर उतरतं. फक्त एक, हे दुखतंय म्हणून जोडीदाराने काहीतरी केलंच पाहिजे असं कुणी म्हणत असेल तर ते साफ चूक आहे, तुझ्याबद्दल म्हणत नाही, पण मुलांकडून ऐकलेलं आहे म्हणून लिहून ठेवतो.

थकवा, पाठदुखी, गाल बसणं याचं उत्तर तुझ्याच पोस्टमध्ये आहे. रात्रीची झोप नाही, दिवसभर अभ्यासिकेच्या खुर्चीत वाकून बसणं, मेसचं जेवण, आणि डोक्यात सतत भीती. १९६० मध्ये डॉ. नरेंद्र विग यांनी याला धात सिंड्रोम असं नाव दिलं. तरुण मुलगा येतो, सांगतो धातू जातेय, अशक्त झालोय, लक्ष लागत नाही, आणि तपासलं तर शरीर ठणठणीत असतं. अंग दुखतं ते खरंच दुखतं, मुलगा खोटं बोलत नसतो. पण ते दुखणं भीतीने आणलेलं असतं, त्या पाण्याने नाही.

आता कधी डॉक्टरकडे जायचंच ते ऐक. स्राव पिवळा, हिरवट किंवा पूसारखा घट्ट असेल, उत्तेजना नसतानाही दिवसभर येत असेल, लघवीला जळजळ होत असेल, लिंगावर फोड-जखम असेल तर इन्फेक्शन असू शकतं, ते गोळ्यांनी बरं होतं पण तपासून. वीर्यात किंवा लघवीत रक्त दिसलं तर दाखवायचं. वृषणात एखादी कडक गाठ लागली, ती दुखत नसली तरीही दाखवायचं, कारण वृषणाचा कॅन्सर नेमका तरुण वयातच जास्त दिसतो आणि वेळेत कळला तर बहुतेक पूर्ण बरा होतो. ताठरता चार तासांच्या वर उतरलीच नाही तर सरळ इमर्जन्सी.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: एका बाजूच्या वृषणात अचानक, जीव जाईल असं दुखायला लागलं, उलटी होतेय, तो वृषण वर ओढला गेलाय, तर तुझ्यासारखं मंद दुखणं समजून झोपून राहायचं नाही. वृषणाला पीळ पडलेला असू शकतो. रक्तपुरवठा बंद होतो आणि साधारण सहा तासांच्या आत ऑपरेशन झालं तर वाचायची शक्यता चांगली असते, पुढे ती झपाट्याने कमी होते. मुलं लाजेपोटी सकाळपर्यंत थांबतात, तोवर वृषण काढायची वेळ आलेली असते. रात्री तीन वाजता दुखलं तर तीन वाजता रिक्षा करायची, रूममेटला उठवायचं, काय वाटेल ते वाटो.

तू जे लिहिलंयस त्यात यातलं काहीही दिसत नाही.


कसब्यातला_पैलवान:

डॉक्टरसाहेब तुमचा मान ठेवून विचारतो. आमच्या तालमीत वस्ताद पहिल्यापासून सांगत आलेत की लंगोट घट्ट पाहिजे, वीर्य राखलं तर ताकद राहते. अन्नाच्या ४० थेंबांचं एक थेंब रक्त आणि रक्ताच्या ४० थेंबांचं एक थेंब वीर्य असं लहानपणापासून ऐकलंय. पिढ्यानपिढ्या पैलवान असेच तयार झाले की. मग ते सगळं खोटं का? भांडायचं नाही, समजून घ्यायचंय.


युरो_रेसिडेंट:

चांगला प्रश्न आहे आणि वस्तादांबद्दल मला पूर्ण आदर आहे. तालमीत पोरगा तयार होतो कारण तो पहाटे उठतो, जोर-बैठका मारतो, दूध-बदाम खातो, वेळेवर झोपतो आणि व्यसन करत नाही. त्या शिस्तीत मन इकडेतिकडे जाऊ नये म्हणून ब्रह्मचर्याचा नियम आला, त्याचा तेवढा उपयोग आहेच, कुणाला पाळावासा वाटला तर जरूर पाळावा, शरीराला त्याने अपाय होत नाही.

पण रक्तापासून वीर्य बनतं आणि ते गेलं की ताकद जाते हा हिशोब शरीरात तसा नसतो. एका वेळी वीर्य येतं साधारण दीड ते पाच मिली, म्हणजे जास्तीत जास्त चमचाभर. त्यात शुक्राणूंचा भाग पाच टक्क्यांच्याही आत, बाकी सगळं शुक्राशय नावाच्या आतल्या ग्रंथी आणि प्रोस्टेट यांचा स्राव. पाणी, थोडी साखर, थोडं प्रथिन, जस्त वगैरे. शेंगदाण्याचे दोन दाणे खाल्ले तरी त्याची भरपाई होईल. शुक्राणू रोज कोट्यवधी बनत असतात, एक शुक्राणू तयार व्हायला अडीच महिन्यांच्या आसपास लागतात आणि ही साखळी वयात आल्यापासून म्हातारपणापर्यंत थांबत नाही. वापरले गेले नाहीत तर शरीर ते आतल्या आत जिरवतं. साठवून ठेवायची तिजोरी तिथे नाहीच.

आणि ज्याला तुम्ही मर्दानी ताकद म्हणता, दाढीमिशी, आवाज, स्नायू, इच्छा, ते टेस्टोस्टेरॉन या हार्मोनचं काम. ते वृषणात बनतं पण जातं थेट रक्तात, वीर्यातून वाहून जात नाही. त्यामुळे वीर्य गेलं म्हणून स्नायू बसले असं होत नाही. आणि मूळ पोस्टवाल्या मुलाचं तर वीर्यसुद्धा जात नाहीये.


कसब्यातला_पैलवान:

पटलं. टेस्टोस्टेरॉन रक्तात जातं हे माहीत नव्हतं. आमच्याकडे नवीन पोरं येतात त्यातली बरीच रात्री झोपेत झालं की दुसऱ्या दिवशी मातीत उतरायला घाबरतात, तोंड लपवतात. त्यांना सांगता येईल आता.


युरो_रेसिडेंट:

नक्की सांगा, तुमचं ऐकतील, आमच्यापेक्षा जास्त ऐकतील. झोपेत वीर्यपतन होणं ही वयात आलेल्या मुलांमधली अगदी नेहमीची गोष्ट आहे, कुणाला आठवड्यात होतं कुणाला महिन्यात, कुणाला कधीच नाही. त्याला औषध नाही कारण तो आजार नाही. आणि पहाटे उठल्यावर ताठरता असते तीही वाईट विचारांमुळे नसते. रात्रीच्या झोपेत स्वप्नांचा टप्पा येतो तेव्हा ३ ते ५ वेळा, प्रत्येक वेळी साधारण वीस-तीस मिनिटं ताठरता येतेच, स्वप्न कसलंही असो. त्यातली शेवटची जाग येताना लक्षात येते एवढंच. उलट ती येतेय म्हणजे नसा आणि रक्तवाहिन्या नीट चालू आहेत याची खूण समजायची.


पीएमटी_प्रवासी:

इथेच विचारून घेतो, वय २१. मला बसमध्ये, स्वारगेटवरून कात्रजला जाताना, डोक्यात काहीही नसताना ताठरता येते. बाजूला कोण बसलंय याच्याशी पण संबंध नाही. खूप लाज वाटते, मांडीवर बॅग घेऊन बसतो, एकदा तर उतरायचा स्टॉप सोडून पुढे गेलो. आणि उलट एकदा गर्लफ्रेंडबरोबर असताना सगळं मनासारखं असून आलीच नाही. माझ्यात काही बिघाड आहे का?


समुपदेशक_ताई:

याचं मी सांगते, मी काउन्सेलिंगचं काम करते आणि हे दोन्ही प्रश्न एकाच मुलाकडून कितीतरी वेळा ऐकलेत.

ताठरता यायचे दोन रस्ते असतात. एक वरून, म्हणजे मेंदूतून, बघून, ऐकून, आठवून. दुसरा खालून, मणक्याच्या खालच्या भागातल्या नसांमधून. बसची थरथर, कपड्याचं घासणं, भरलेली लघवी, एवढ्यानेही तो दुसरा रस्ता चालू होतो, मनात काही असायची गरज नाही. तरुण वयात हा रस्ता फार हळवा असतो. पुढे वयाबरोबर कमी होतं. बॅग मांडीवर घेतोस ते बरोबर आहे, श्वास संथ कर, मनात पाढे म्हण, दोन-चार मिनिटात उतरतं. कुणाच्या फारसं लक्षातही येत नाही, आपल्यालाच वाटतं सगळी बस आपल्याकडे बघतेय.

आणि गर्लफ्रेंडबरोबर नाही आली त्याचं कारण बहुतेक वेळा टेन्शन. घाबरलं की शरीरात अ‍ॅड्रेनलिन सुटतं, रक्तवाहिन्या आवळल्या जातात, आणि ताठरतेला तर त्या सैल पडायला लागतात. म्हणजे 'आता जमलं पाहिजे' असं जितकं स्वतःला बजावशील तितकं ते अवघड होतं. मग पुढच्या वेळी मागच्या वेळेची भीती. झोपेतून उठताना येतेय ना? मग यंत्रणा ठीक आहे. हेच सतत, महिनोन्‌महिने होत राहिलं तर मात्र दाखव, शुगर-बीपी बघतात, काही गोळ्यांमुळेही होतं. दारू किंवा सिगारेट असेल तर तीही सांग डॉक्टरांना.

यातली एक गोष्ट मी मुलांना आवर्जून सांगते. शरीर प्रतिसाद देतं म्हणजे मनाची इच्छा आहेच असं नाही, आणि शरीराने प्रतिसाद दिला नाही म्हणजे प्रेम नाही असंही नाही. ही गोष्ट मुलींनाही तितकीच लागू आहे. त्यांनाही उत्तेजनेत ओलावा येतो, कधी मन असून येत नाही, कधी मन नसून येतो. म्हणून समोरच्याच्या मनात काय आहे ते शरीराकडे बघून ठरवायचं नाही, तोंडाने विचारायचं.

आता मूळ पोस्टवाल्या दादा, तुझ्यासाठी. तू तिला भेटायचं टाळतोयस हे मला सगळ्यात जास्त लागलं. ती बिचारी काय समजत असेल, हा आता मागे सरतोय का, पोस्ट निघाली की घरच्यांचं ऐकेल का. तिला जेवढं इथे लिहिलंस त्याच्या निम्मं जरी सांगितलंस तरी चालेल. लग्न करायचं ठरवलेल्या माणसांमध्ये हे बोलणं आज ना उद्या येणारच आहे.


कोथरूडकर_काका:

मी साठी ओलांडलेला माणूस. इथली चर्चा वाचली आणि मनापासून बरं वाटलं, म्हणून दोन ओळी लिहितो.

आमच्या वेळी हे विचारायला कुणी नव्हतं. शिवाजीनगर स्टँडच्या मुतारीत भिंतीवर गुप्तरोगाच्या जाहिराती चिकटवलेल्या असायच्या, आमचं लैंगिक शिक्षण ते. 'बचपन की गलतियाँ' वाचून पोरं रात्रभर जागी राहायची. आणि हे सगळं या महाराष्ट्रात, जिथे महर्षी कर्व्यांचे चिरंजीव र. धों. कर्वे यांनी १९२७ पासून १९५३ मध्ये जाईपर्यंत एक मासिक चालवून लोकांच्या अशाच प्रश्नांना शास्त्रीय उत्तरं दिली. त्यासाठी खटले अंगावर घेतले, आणि त्याआधी याच विचारांपायी नोकरी गमावली. १९३४ मध्ये त्यांच्या बाजूने कोर्टात उभे राहिले ते बाबासाहेब आंबेडकर. इतक्या मोठ्या माणसांनी ज्यासाठी झळ सोसली ते ज्ञान आज सदाशिव पेठेतल्या शिकलेल्या पोराला साडेचार हजार घालवूनही मिळत नाही याचं मला फार वाईट वाटतं.

बाळा, त्या जाहिराती करणंसुद्धा बेकायदा आहे. ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज कायदा १९५४ चा आहे, लैंगिक ताकद वाढवून देतो अशी औषधाची जाहिरात त्यातल्या बंदीत बसते. तरी भिंतीवरून मोबाईलवर आल्या एवढाच काय तो फरक पडला. पैसे गेले ते जाऊ देत, पण घरून येणारा पैसा यापुढे या कामाला लावू नकोस. दूध, अंडी, केळी खा त्यात.


युरो_रेसिडेंट:

काकांनी बरोबर मुद्दा काढला. त्या चूर्णाबद्दल मी जरा काळजीने लिहितो. सगळे वैद्य असे नसतात, चांगला वैद्य आधी नीट विचारपूस करतो, तपासतो आणि गरज नसेल तर औषध देत नाही. पण लेबल नसलेल्या पुडीत काय आहे हे कुणालाच सांगता येत नाही. 'ताकदीची' म्हणून विकलेल्या देशी औषधांमध्ये गुपचूप अ‍ॅलोपॅथीची ताठरतेची गोळी मिसळलेली सापडलेली आहे, आणि हृदयाची नायट्रेटची गोळी चालू असणाऱ्या माणसाच्या पोटात ती गेली तर बीपी एकदम पडून जिवावर बेतू शकतं. भस्मांमध्ये शिसं-पारा यांचाही धोका असतो. डब्यावर बनवणाऱ्याचं नाव, लायसन्स नंबर, घटक छापलेले नसतील तर खाऊ नकोस.

आणखी दोन गोष्टी, कारण घाबरलेली मुलं यानेही घाबरतात. संडासला जोर लावला की कधी लिंगातून पांढरट चिकट थेंब येतो. बद्धकोष्ठ असलं की प्रोस्टेट आणि शुक्राशयावर दाब येतो म्हणून. पाणी पी, भाजी खा, कमी होईल. आणि कधीकधी लघवी शेवटी दुधासारखी गढूळ दिसते, ती बहुतेक फॉस्फेटमुळे, वीर्यामुळे नाही. रोज दिसली तर लघवीची साधी तपासणी करून घ्यायची.


पेठेतला_परीक्षार्थी:

सगळ्यांचे मनापासून आभार. डॉक्टरांचा पहिला रिप्लाय वाचतानाच डोळ्यात पाणी आलं, इतके दिवस मी स्वतःला आजारी समजत होतो. चूर्ण बंद केलं, डब्यावर खरंच काहीच छापलेलं नाही. रूममेटलाही वाचायला दिलं, तो गप्प बसला आणि मग म्हणाला मलाही येतं रे.

तिला काल सांगितलं. ती आधी रागावली की इतके दिवस का नाही बोललास, मग म्हणाली तुझं तोंड बघून मला वाटलं घरच्यांनी दुसरी बघितली.

आता तिचा एक प्रश्न आहे आणि माझा एक. तिचा असा की या पाण्यात पण शुक्राणू असतात असं तिने कुठेतरी वाचलंय, तर कपडे घालून जवळ बसल्याने किंवा चड्डीवरच्या डागाने दिवस जाऊ शकतात का? आणि माझा असा की एकदा प्रत्यक्ष कुणाला तरी दाखवून घ्यावं असं वाटतंय, म्हणजे मनातलं पूर्ण जाईल, पण खासगीत पैसे नाहीत, तर कुठे जाऊ? आणि तिथे गेल्यावर नेमकं काय करतात?


समुपदेशक_ताई:

तिला सांगितलंस हे फार छान केलंस.

कुठे जायचं ते मी सांगते. ससून या सरकारी हॉस्पिटलात सकाळच्या ओपीडीत केसपेपर काढ, खिडकीवर फक्त 'लघवीच्या जागेचा त्रास आहे' एवढं म्हटलं तरी पुरतं, युरोलॉजी किंवा त्वचा-गुप्तरोग विभागात पाठवतात. पिंपरीकडे राहणाऱ्यांना वायसीएम हॉस्पिटल आहे. सरकारी दवाखान्यांत सुरक्षा क्लिनिक नावाने लैंगिक आजारांची तपासणी असते आणि आयसीटीसी केंद्रात एचआयव्हीची टेस्ट आणि समुपदेशन मोफत होतं, तिथलं कुणाला सांगत नाहीत. फोनवर बोलायचं असेल तर १०९७ ही त्यासाठीची मोफत लाईन आहे. आणि अभ्यासाचं, झोपेचं, भीतीचं टेन्शन बोलायचं असेल तर १४४१६ टेली मानस, मराठीत बोलता येतं, रात्रीही. सदाशिव पेठेतल्या पोरांनी तो नंबर फोनमध्ये टाकूनच ठेवावा असं मला वाटतं.

तिथे काही भयानक नसतं. डॉक्टर चार प्रश्न विचारतात, पडद्याआड दोन मिनिटं तपासतात, लागलीच तर लघवीची टेस्ट लिहून देतात. तपासताना घाबरून किंवा स्पर्शाने ताठरता आली तरी त्यांना त्याची सवय असते, माफी मागत बसू नकोस. लेडी डॉक्टर असल्या आणि अवघड वाटलं तर पुरुष डॉक्टर आहेत का असं सरळ विचारता येतं.


युरो_रेसिडेंट:

तिच्या प्रश्नाचं. तिने वाचलं ते अर्धं बरोबर आहे. काउपर ग्रंथीत स्वतः शुक्राणू बनत नाहीत, पण काही पुरुषांच्या या पाण्यात जिवंत शुक्राणू सापडलेत. म्हणून संबंध करताना 'शेवटी बाहेर काढू' यावर भरवसा ठेवायचा नाही. त्या पद्धतीवर राहणाऱ्या दर १०० जोडप्यांमागे वर्षभरात साधारण २० जणींना दिवस जातात. शिवाय या पाण्यातून एचआयव्ही आणि इतर इन्फेक्शनही जाऊ शकतं. त्यामुळे पुढे जेव्हा संबंध येतील तेव्हा निरोध पहिल्यापासून, म्हणजे कुठलाही स्पर्श व्हायच्या आधी चढवायचा, शेवटच्या क्षणी नाही.

पण तुम्ही लिहिलंय तसं, दोघांचे कपडे अंगावर असताना जवळ बसल्याने, मिठी मारल्याने, किंवा चड्डीवर वाळलेल्या डागाने दिवस जात नाहीत. शुक्राणूला योनीमार्गात पोचावं लागतं, कापडातून तो प्रवास करत नाही आणि वाळला की मरतो. यासाठी तिने कुठली गोळी घ्यायची गरज नाही. बहात्तर तासांची गोळी, म्हणजे संबंधानंतर दिवस राहू नयेत म्हणून घ्यायची, ही खरंच असुरक्षित संबंध आला किंवा निरोध फाटला तर, आणि जितकी लवकर तितकी चांगली, पण भीती वाटली म्हणून दर महिन्याला घेत बसायची ती नाही, पाळी मागेपुढे होते आणि मग त्याचंच नवीन टेन्शन.

सोमवारी ससूनला येणार असशील तर आठला लाईनीत लाग, नंतर गर्दी वाढते.